कानावरची खूण

केस जळल्याचा वास आला की मला गच्चीवरची शेगडी आठवते. वडिलांचे गुडघे गेले म्हणून त्यांची मेंढरं विकायची वेळ आली होती. "पाळणाऱ्यालाच दे रं," एवढंच त्यांनी बजावलं होतं. तसा माणूस शोधायला मला सवड नव्हती. मी कळप व्यापाऱ्याला दिला आणि जतकडच्या एका मेंढपाळानं नेला म्हणून वडिलांना सांगितलं. वडील सांगलीला आमच्याकडे आले आणि दिवसदिवस गप्प बसू लागले. विरंगुळा म्हणून मी त्यांना आष्ट्याला वेल्डरकडे शेगडी घ्यायला नेलं. "झटपट भाजायची पायजे, का धुरावर हळूहळू शिजवायची?" वेल्डरनं विचारलं. कितीतरी दिवसांनी वडील मोकळं बोलले, "मुंडी भाजाय उघडी लागती, मांडीला झाकणाची. दोनी एकात कर." त्यानं ड्रम कापून तशीच करून दिली. रविवारी मी खाटकाकडून मेंढीची मांडी आणि मुंडी आणली. मांडी झाकणाखाली बाभळीच्या धुरात ठेवली. मुंडी वडिलांनी स्वतः जाळावर धरली. केस जळून कान उघडा पडला, तसा त्यांचा हात थांबला. कानाच्या टोकाला दोन खाचा होत्या. आमच्या कळपाची ती खूण ते स्वतःच्या हातानं कातरायचे. "पाळायला दिली म्हनला व्हतास," ते म्हणाले, आणि मुंडी फिरवून दुसरा कानही नीट भाजला. जेवायला मात्र ते बसले नाहीत. आता वडील नाहीत. शेगडी भंगारात देऊ म्हटलं की बायको विचारते, एवढी चांगली आहे, का देताय? तिलाही मी मेंढपाळाचंच सांगितलं होतं.