खिडकी न उघडणारी गाडी

शेजारचे मोटरमनकाका शहराच्या पोटातून गाडी चालवत आणि संसारही तिथेच करत. काकांची ड्यूटी भल्या पहाटे सुरू होई, तेव्हा काकू झोपेत. काकू स्टॉल बंद करून रात्री घरी येत, तेव्हा काका घोरत. घरात काकांची आई अंथरुणाला खिळलेली. मधल्या वेळात तिच्यापाशी आमची आई बसे, आणि ड्यूटी संपली की आमच्या आईला मोकळं करायला काका धावत घर गाठत. नवराबायकोचा असा हक्काचा एक रविवार. बाकी आठवडा निभावत होता तो स्टॉलवर.

काकूंचा स्टॉल भुयारी स्टेशनच्या फलाटावर होता. वर्तमानपत्रं, पाण्याच्या बाटल्या, पेपरमिंटच्या गोळ्या. जुनी गाडी थांबली की काकांची केबिन नेमकी त्याच्यासमोर येई. काका खिडकी खाली करून कोपर बाहेर टाकत, काकू हातावर गोळी ठेवत, आणि दारं उघडी असेपर्यंत घरचा कारभार चाले. गॅस संपत आलाय. आईंनी औषध थुंकलं. किल्ली कुठे ठेवलीत? भांडणंही तिथेच होत. काका एक वाक्य फेकून गाडी सोडून देत. पुढच्या फेरीला येईपर्यंत काकूंचं उत्तर धार लावून तयार असे.

मग नवीन गाड्या आल्या.

गाड्या गुणाच्या होत्या, हे काकाही मान्य करत. थंडगार, लखलखीत, आवाज असा की मांजर चालून गेल्याचा भास व्हावा. पूर्वी घामाने निथळणारी माणसं आता डब्यात स्वेटर घालू लागली. काकांना गाडीचा अभिमानच होता. पण केबिनच्या काचा काळ्या, आणि खिडकी उघडतच नसे. गाडी लांबीलाही जास्त, त्यामुळे केबिन स्टॉल ओलांडून पार बोगद्याच्या तोंडाशी जाऊन थांबे. आलेली गाडी काकांची, हे काकूंना पूर्वी कळायचं ते ब्रेकवरून. शेवटी एक हळुवार हिसका ते द्यायचे, तो दुसऱ्या कुणाला जमत नसे. आता ब्रेक यंत्र लावतं, आणि यंत्राला बायको नसते. सगळ्या गाड्या एकसारख्या थांबू लागल्या.

दारांकडे लक्ष ठेवायला मात्र केबिनमध्ये फलाट दाखवणारा एक पडदा होता. गाडी सोडण्याआधी मोटरमनने त्याकडे बोट दाखवून मोठ्याने "दारं बंद, वाट मोकळी" म्हणायचं, असा नियम. त्या पडद्याच्या एका कोपऱ्यात स्टॉल दिसे. काका हरखून गेले. रविवारी त्यांनी काकूंना सांगितलं, खांबावर कॅमेरा आहे, वर बघत जा.

सोमवारी काकूंनी वर बघितलं. काकांना पडद्यावर दिसला तो त्यांचा अंबाडा. खांबावर दोन गोल डब्या होत्या आणि काकू भलत्याच डबीकडे बघत होत्या. काका सांगणारच होते. पण काकू आता घरून नीट केस विंचरून निघतात, ठेवणीतली पिन लावतात, असं आमच्या आईकडून कळलं आणि त्यांची जीभ रेटेना. पुढे कितीतरी आठवडे त्यांनी त्या अंबाड्यावर काढले. एखाद्या दिवशी तो कललेला दिसला की ड्यूटीभर घोर लागे, हिचं डोकं दुखतंय की काय.

एका सोमवारी सगळ्या मोटरमनांची डोळ्यांची तपासणी होती. काका लवकर मोकळे झाले. आमच्या आईला मोकळं करायला अजून अवकाश होता, म्हणून ते तडक फलाटावर गेले आणि गर्दीआड उभे राहिले. गाडी आली. काकूंनी सुटे पैसे मागणाऱ्याला थांबवलं, वर बघून हसल्या, हात जरासा उचलला. गाडी गेली. काकांना गंमत वाटली. पुढची गाडी आली. काकू पुन्हा हसल्या. त्याच्या पुढच्या गाडीलाही तेच. मग काकांना राहवेना.

"आत्ताच्या गाडीत कोण होतं?"

काकू दचकल्या. काकांकडे बघितलं, मग रिकाम्या रुळांकडे.

"मला वाटलं, तुम्ही."

"आणि त्याच्या आधीच्या?"

"त्यातही तुम्हीच." काकूंनी उगीचच बाटल्या सरळ केल्या. "पूर्वी ब्रेकवरून कळायचं हो. आता काळ्या काचेमागे कोण बसलंय ते मला काय ठाऊक? म्हणून सगळ्यांकडेच बघते. एखादी तरी तुमची असेलच की."

काका खांबावरच्या डबीकडे बघू लागले. मग हळूच म्हणाले, "अगं, तो कॅमेरा नाही. धूर झाला की बोंबलणारं यंत्र आहे ते. कॅमेरा त्याच्या शेजारी."

"म्हणजे इतके दिवस मी धुराला लाजत होते? आणि तुम्हाला काय दिसायचं?"

"अंबाडा."

"बोलला नाहीत ते."

"बरा दिसतो," काका म्हणाले. काकूंनी सवयीने त्यांच्या हातावर पेपरमिंटची गोळी ठेवली. काका ती न खाता खिशात घालून घरी आले.

दुसऱ्या दिवशी गाडी बोगद्याच्या तोंडाशी थांबली. पडद्याच्या कोपऱ्यात अंगठ्याच्या नखाएवढा चेहरा वर झाला, आणि या खेपेला तो सरळ काकांकडेच बघत होता. काकूंचे ओठ हलत होते. पडद्याला आवाज नव्हता. गॅसचं म्हणत असतील, औषधाचं, की भलतंच काही, काकांना ओठांवरून ताडता येईना. दारं मिटली. काकांनी नियमाप्रमाणे बोट दाखवलं, ते दारांऐवजी त्या चेहऱ्यावर ठेवलं गेलं, आणि काका मोठ्याने म्हणाले, "दारं बंद, वाट मोकळी."

ती काय म्हणाली ते रविवारी विचारायचं, असं त्यांनी मनाशी ठरवलं. वार होता मंगळवार.