शिवण्याआधीचं पाणी

१९८४ साल, माझं वय बावन्न. कुदळ लागून पाय चिघळला म्हणून मी सरकारी दवाखान्यात पडून होतो. माझी पट्टी बांधून झाली की सिस्टर दाराजवळच्या नळावर जाऊन साबणानं हात धुवायची. मी बघत राहायचो. गावात आम्हाला चुकून शिवलं की माणसं असेच हात धूत. पाण्याचा तो आवाज माझ्या ओळखीचा होता.

एके दुपारी सिस्टर पट्टी बदलायला आली तेव्हा मी पाय आखडून घेतला.

"बाबा, विष वर चढलं तर पाय कापावा लागेल."

"कापा. शिवून हात धुणारीची पट्टी मला नको."

ती रागावली नाही. "तुम्ही हो म्हणेपर्यंत हात लावणार नाही. पण इथं येण्याआधीही मी धुते, ते बघा की."

ती शेजारच्या खाटेवरच्या पाटलाकडे गेली. आधी नळ, मग पट्टी, मग पुन्हा नळ. हात पुसत ती माझ्यासमोर येऊन थांबली. माणसं पाण्यानं माणसाला लांब लोटतात, हे मी जन्मापासून बघितलेलं. जवळ येण्यासाठीही कुणी हात धुतं, हे कधी बघितलंच नव्हतं. मी पाय पुढे केला. तोंड मात्र भिंतीकडेच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटा भाऊ आला आणि पट्टी उचलून बघायला लागला.

"आधी हात धू," मी म्हणालो.

त्याचा चेहरा पडला. "दादा, तू मला सांगतोस हे?"

मी खाटेवरून उतरलो, लंगडत त्याला नळापर्यंत नेलं, आणि आधी माझे हात धुतले.