घरत सरांचा पहिला तास

दर जूनमध्ये शाळा उघडली की आठवीतलं एखादं कार्टं घरत सरांना विचारायचंच, "सर, इतिहास कशाला शिकायचा?" कोणी नाही विचारलं तर सर स्वतःच विचारायचे, आणि मग पुस्तक मिटून आत्याची गोष्ट सांगायचे. मी शेजारच्या वर्गात भूगोल शिकवायची. मधली भिंत कसली, नुसतं प्लायवूडचं पार्टिशन. त्यामुळे सरांची आत्या मला माझ्या नद्यांइतकीच पाठ झाली होती. माझी मुलं नकाशा सोडून पलीकडचं ऐकत बसायची आणि माझा पारा चढायचा. "अहो घरत, तुमची आत्या जरा हळू आवाजात सांगा की," असं मी स्टाफरूममध्ये कितीदा म्हटलं असेल. ते हसायचे आणि माझ्या डब्यातली भाजी घ्यायचे.

हरेश घरत म्हणजे आगरी माणूस. उलव्याच्या अलीकडे, खाडीला लागून त्यांचं गाव. गावाचं नाव मी सांगणार नाही. सांगून काय दिवे लागणार आहेत? वडील मिठागरात राबून गेले. सर गावातले पहिले बी.ए., बी.एड. पनवेलला आमच्या शाळेत एस.टी.ने यायचे, पावसाळ्यात पँटच्या पायाशी चिखल घेऊन. इतिहासावर त्यांचा असा विश्वास, की ऐकून मला राग यायचा. "माणूस बदलतो बाई," ते म्हणायचे, "फक्त त्याला मागचं नीट सांगावं लागतं." मी म्हणायची, "डोंबलाचा बदलतो! डोंगर झिजतात, नद्या पात्र बदलतात, माणूस मेला आहे तिथेच." यावर आमचं रोज वाजायचं.

आत्याची गोष्ट अशी. सरांच्या जन्माआधी, खाडीच्या बांधावरून दोन गावांत भांडण झालं. सरांच्या आजोबांनी कचेरीत जाऊन आपल्याच गावाविरुद्ध खरी साक्ष दिली. गावकी बसली आणि त्यांचं घर वाळीत टाकलं. विहीर बंद, न्हावी बंद, विस्तव मागायला गेलं तर समोरचं दार बंद. त्यातच आत्याचं लग्न निघालं. आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण लागते, म्हणजे मांडवात बसून धवले गाणारी म्हातारी बाई. भटजी मंगलाष्टकं म्हणोत नाहीतर आणखी काही म्हणोत, धवले झाले नाहीत तर बायकांच्या लेखी लग्न लागलंच नाही. आत्याच्या लग्नाला धवलारीण आली नाही. सासरी ती जन्मभर 'बिनधवल्याची' राहिली. पहिलं मूल गेलं ते त्यामुळे, म्हैस आटली ती त्यामुळे. शेवटी ती माहेरी येऊन झुरून मेली.

"आणि तेव्हा," सर आवाज चढवायचे, "माझी आई नवी सून होती. तिने हे सगळं पाहिलं, आणि परगावी जाऊन धवले शिकली. पुन्हा कोणाचं अडू नये म्हणून! आज ती आमच्या गावची धवलारीण आहे. मुलांनो, इतिहास यासाठी शिकायचा." खोटं कशाला बोलू, पार्टिशनच्या अलीकडे मलाही भरून यायचं.

ब्याण्णव साली सरांच्या गावात ग्रामपंचायतीच्या निवडणुका आल्या. बायकांसाठी जागा राखीव झाल्या होत्या, पण कोणत्या बाईने उभं राहायचं ते गावकीच ठरवायची. शिवा नावाच्या माणसाची बायको हौसा हिने कोणाला न विचारता अर्ज भरला. गावकीने मागे घ्यायला सांगितला, तिने नाही घेतला. ती पडली, पण तिने उभं राहायची हिंमत केली म्हणून शिवाचं घर वाळीत टाकलं. त्याच हिवाळ्यात मुंबई पेटली होती. आम्ही स्टाफरूममध्ये पेपर वाचायचो आणि कोणी कोणाशी बोलायचं नाही. सर मात्र म्हणायचे, "मुंबईचं मला माहीत नाही. माझं गाव एकदा भोगून बसलंय, ते शहाणं होईल."

शिवाची मुलगी स्नेहल आमचीच माजी विद्यार्थिनी. आठवीत तिनेही ती गोष्ट ऐकली होती. होळीच्या आधीचा मुहूर्त धरून तिचं लग्न ठरलं, मुलगा रोडपालीचा. एके दिवशी मधल्या सुट्टीत ती स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली. आत ये म्हटलं तरी येईना.

"सर, गोदूआजी येतील ना धवले गायला?" गोदू म्हणजे सरांची आई. "गावकीने सगळ्यांना आमच्याकडे जायचं नाही म्हणून सांगितलंय. रोडपालीकडच्यांना अजून काही माहीत नाही. त्यांना कळलं, तर मी पण तुमच्या आत्यासारखी..."

"आई येईल," सर म्हणाले. "मी शब्द देतो."

मी मध्ये तोंड घातलं. "अहो, आधी आईंना विचारा तरी!" पण सरांना विचारायची गरज वाटली नाही. आपल्या आईचा इतिहास त्यांना पाठ होता ना.

ते आधी गावकीकडे गेले. देवळात सगळे जमले होते. सरांनी आजोबांपासून सुरुवात केली, विहीर, विस्तव, आत्या, सगळं सांगितलं. "बाई, सगळ्यांनी नीट ऐकलं," दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "आपल्या वर्गापेक्षा नीट." मग पंच कमळाकर पाटील बोलले. म्हातारा माणूस, आवाजसुद्धा चढवला नाही.

"मास्तर, तू बोललास ती समदी खरी गोष्ट. आमचे बापजादे बी हेच सांगत व्हते. तुज्या आजाला टाकला, मंग काय झाला? त्याच्यामागारी गावाच्या इरोधान कचेरीन कोनी गेला? कोनी नाय. तुज्या आत्याचा वाईट झाला, आमाला बी दुख हाय. पन गाव एक रायला. म्हंजे औशद लागू परला का नाय, तूच सांग."

आणि लोकांनी माना डोलावल्या. सरांनी सांगितलेला इतिहास लोकांना पटला होता, आणि धडा लोकांनी त्यातूनच घेतला होता. "तुजी आय शानी हाय," पाटील शेवटी म्हणाले, "तिला इचार."

तर घरी जाऊन सरांनी आईला विचारलं. हे मला त्यांनी एका दमात सांगितलं, वर्गात हजेरी घेतात तशा आवाजात.

"शिवाच्या पोरीच्या लग्नाला? नाय जानार," गोदू म्हणाली.

"आये, गावकीला भिऊ नको. दंड लावला तर मी भरीन."

"गावकीला कोन भितंय?"

"मंग? आत्याच्या येलेला काय झाला, तुला ठावं हाय ना?"

"मना ठावं हाय. तुला काय ठावं? तू तवा पोटान बी नव्हतास. तवा धवलारीन कोन व्हती? शिवाची आजी. मी तिच्या दारान जाऊन पाया परले. तिनी दार लावून घेतला."

"म्हनून तर तू धवले शिकलीस! कोनाचा अरू नये म्हनून."

"असा कोन बोलला तुला?"

सरांना आठवेना. कोणीच बोललं नव्हतं. ते लहानपणापासून तसं धरून चालले होते, आणि वर्षानुवर्षं वर्गात सांगत आले होते.

"मी शिकले ती या दिसासाठी," गोदू म्हणाली. "कवातरी त्या घरान पोरीचा लगीन निंगल, मना बोलवाया येतील, नी मी नाय जानार. म्हनून शिकले."

हे ऐकून मी काहीतरी बोलायला हवं होतं. एरवी माझी जीभ काय वळवळते! पण मला रागही आला नाही, रडूही आलं नाही. डब्याचं झाकण लावलं आणि घंटा झाली म्हणून वर्गावर गेले. सरही गेले. पलीकडून सनावळ्या ऐकू येत होत्या.

स्नेहलला त्यांनी कळवलं नाही. "आई ऐनवेळी उठेल," असं म्हणत राहिले. मी चिडून म्हटलं, "तुमचं असंच चालू द्या," आणि लग्नाला मीही गेले, कारण त्यांना एकट्याला जाऊ देववेना.

शिवाच्या दारात मांडव छान घातला होता. गावातलं एक माणूस नव्हतं. गल्लीतली दारं भर दुपारी लावलेली. परगावचे चार नातेवाईक खुर्च्यांवर लांब लांब बसले होते, म्हणजे मांडव भरलेला दिसावा. हौसाने मांडवाच्या मधोमध पाट ठेवला होता, त्यावर नवं लुगडं, नारळ आणि विडा. धवलारणीचा मान. हळद लावलेली स्नेहल आमच्याकडे बघत होती. सर रस्त्याकडे बघत होते.

रोडपालीचं वऱ्हाड आलं. नवऱ्या मुलाची आजी मांडवात टेकली आणि पहिलं काय विचारलं असेल? "धवलारीन कुठं हाय?"

"तब्येत बरी नाय तिची," हौसा म्हणाली.

"मंग दुसरी बोलवा. गावान बाया नाय का?"

म्हातारीने मांडवभर नजर फिरवली, लावलेली दारं पाहिली, आणि तिला कळलं. तिने पदर तोंडाला लावला. भटजींनी घाईघाईने मंगलाष्टकं उरकली. अक्षता पडल्या, बँड वाजला. तो पाट तसाच राहिला. पंगत बसायच्या वेळी शिवाने लुगड्यासकट उचलून आत नेला. निघताना स्नेहल सरांच्या पाया पडली. "येते सर," एवढंच म्हणाली. दोष दिला असता तर बरं झालं असतं.

पंगतीत मी सरांना म्हटलं, "जेवू नका, नसता घोळ होईल." ते म्हणाले, "शब्द तर पाळता आला नाही. निदान जेवतो." आणि पानातलं सगळं संपवलं.

बसला वेळ होता म्हणून मी त्यांच्या घरी गेले. घर शिवाच्याच गल्लीत. गोदू पडवीत सुपात तांदूळ निवडत बसली होती आणि तिचे ओठ हलत होते. जवळ गेल्यावर ऐकू आलं. ती धवले गात होती, हळदीचे, अगदी पुटपुटत.

"काय गातीस आये?" सरांनी विचारलं.

"काय नाय." तिने सूप बाजूला ठेवलं. "जेवलास तिथं?"

"जेवलो."

ती उठली. आतून सरांचं ताट आणि तांब्या घेऊन आली आणि अंगणात, तुळशीच्या पलीकडे ठेवले. "आजपासना तुजा पान भायेर. घरान शिवलास तर गाव मना बी टाकील." रागावली नव्हती ती. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बाई, तुमी बसा. तुमी गावच्या नाय, तुमाला चालतंय. च्या ठेवते."

सरांनी पायरीशी चपला काढल्या होत्या. त्यांनी त्या परत घातल्या.

महिनाभरात त्यांनी नवीन पनवेलला खोली घेतली. जून आला, शाळा उघडली. मी खडू हातात घेऊन थांबले होते, खरं सांगते, मुद्दाम थांबले होते. पलीकडून प्रश्न आला, "सर, इतिहास कशाला शिकायचा?"

"परीक्षेला येतो म्हणून," सर म्हणाले. "पान तीन काढा."

पुढे तीन-चार वर्षं तसंच चाललं. ते माझ्याशी भांडेनात, डब्यातली भाजी घेईनात. दिलं तर खायचे. गोदू गेली तेव्हा गावाने खांदा दिला, सर मागून चालले. तेव्हाही त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. माझा स्वभाव तापट, पण त्यांच्याशी भांडायचं तरी कशावरून?

सत्त्याण्णवच्या मे महिन्यात पनवेलच्या बाजारात स्नेहल भेटली, कडेवर मुलगी. अंगाने भरली होती, बरी दिसत होती. "बाई!" म्हणून तिनेच हाक मारली. सासरी सुरुवातीला फार बोलले म्हणाली, आता नाही बोलत.

"आणि माहेरी?"

"बाबांना परत घेतलं गावात. आता गावकीत पुढे असतात. यंदा भरतकाकाचं घर टाकलंय."

"अगं, आणि तुझे बाबा गप्प बसले?"

"बाबांनीच मांडलं, बाई." तिने मुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं. "गावात राहायचंय ना."

"कप्पाळ माझं! स्नेहल, सरांची गोष्ट विसरलीस?"

"विसरेन कशी? सगळी पाठ आहे. हिला पण सांगते मी."

"काय सांगतेस हिला?"

"हेच, की गावाच्या विरुद्ध जायचं नाही."

मी परत शाळेत आले. सर निकालाचे पेपर घेऊन स्टाफरूममध्ये बसले होते. "कोणी भेटलं बाजारात?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"स्नेहल."

लाल पेन थांबलं. "कशी आहे?"

"छान आहे. मुलगी आहे तिला." आणि पुढचं माझ्या तोंडून निघून गेलं. "तुमची गोष्ट पाठ आहे म्हणाली. मुलीला सांगते म्हणे."

सरांनी मान वर केली. मग हसले. चार वर्षांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. "बघा बाई," म्हणाले, "मी म्हणत होतो ना?"

त्या जूनमध्ये शाळा उघडली. पलीकडे कोणीतरी तो प्रश्न विचारला, पुस्तक मिटल्याचा आवाज आला आणि आत्याची गोष्ट सुरू झाली, आईच्या धवल्यांसकट, पहिल्यासारखी. माझी मुलं कान देऊन ऐकायला लागली. मी टेबलावर डस्टर आपटलं आणि त्यांना महाराष्ट्रातल्या सगळ्या नद्या मोठ्याने म्हणायला लावल्या.