आतल्या वळणावरचं घर

मी मुरबाडच्या एका शाळेत भूगोल शिकवतो. नदी वळते तेव्हा बाहेरचा काठ खरवडला जातो आणि आतल्या काठावर गाळ साचतो, ही आकृती मी इतकी वर्षं फळ्यावर काढतोय की घर बांधताना दुसरं काही सुचलंच नाही. काळू नदीच्या एका वळणावर, आतल्या बाजूला, सपाट जागा मिळाली.

"इथली जमीन नदी नेत नाही, उलट आणून देते," मी बायकोला ऐटीत सांगितलं.

पुढच्या वळणावर, आमच्याच काठाला पण बाहेरच्या अंगाला, उंच दरडीवर एका शेतकऱ्याचं घर होतं. त्यांचाच चहा पिऊन मी त्यांना घर हलवायचा सल्ला देऊन आलो. त्यांच्या सारवलेल्या अंगणात काठीनं आकृतीही काढली.

त्या श्रावणात नदी आमच्या घरात शिरली. आधी घोट्याएवढी, मग गुडघ्यापर्यंत. काठ झिजणं वेगळं आणि काठ बुडणं वेगळं, हे मी पोरांना घोकून घेतलं होतं. स्वतः घोकायचं राहिलं. डोक्यावर गाठोडी घेऊन आम्ही दोघं निघालो. जवळ उंचावरचं घर एकच होतं.

शेतकऱ्याच्या आईनं काही न विचारता नाचणीची भाकरी वाढली. मग खऱ्या काळजीनं म्हणाली, "मास्तर, आमचं घर कवा पडनार?"

"लगेच नाही, आजी."

"मंग जेवा निवांत."

बायको तोंडाला पदर लावून हसत होती. मी मान खाली घालून भाकरी मोडली.

पाणी ओसरलं तेव्हा घरभर मऊ गाळ होता. "आणून दिला बघा," बायको म्हणाली आणि तिनं माझ्या हातात फावडं दिलं.

पुढे आम्ही खालच्या भिंती पाडून घर खांबांवर उचललं. तोवर आजूबाजूला प्लॉट पडू लागले होते. जागा बघायला येणाऱ्यांना मी खांबावर रंगवून घेतलेली त्या पुराच्या पाण्याची खूण दाखवू लागलो.

एकानं विचारलं, "सर, तुमी स्वतः इथं ऱ्हाता ना?"

"राहतो."

"मंग आमालाच कशाला भीती घालता?"

मी त्याला आमच्या खांबांची उंची दाखवली. पुढे दोन-तीन घरांनी जोतं चांगलं उंच घेतलं. बाकीचे मला जागेचा भाव पाडणारा मास्तर म्हणतात. पुरात गाठोडी घेऊन वर येता यावं म्हणून त्यांच्यासाठी आम्ही जिना जरा रुंद करून घेतलाय.