कलमाचा चाकू आणि हमीदचाचा

आधी हमीदचाचांचं नाव घेतो. हातखंब्याच्या तिठ्यावर पंक्चरचं दुकान आहे त्यांचं. काय घडलं ते मागाहून सांगतो, कारण हे लिहितोय ते त्यांच्यासाठीच. फोनवर सांगायला गेलो की वाक्य अर्ध्यावरच सोडतो. पलीकडून चाचा म्हणतात, "रेंज गेली वाटतं," आणि फोन ठेवतात.

मी गाव सोडलं त्या दिवशी मुंबईची गाडी तिठ्यावरूनच पकडायची होती. आई दारातूनच मागे फिरली. बाबा तिठ्यापर्यंत आले. चाचांच्या दुकानापुढे बसायला एक चिरा टाकलेला आहे, त्याच्यावर बाबांनी डाव्या हाताने चाकू काढून ठेवला. माझ्या हातात दिला नाही. आमच्याकडे धारेची वस्तू हातातून हातात देत नाहीत, माणसं तुटतात म्हणतात. खाली ठेवायची आणि दुसऱ्याने उचलायची.

"उचल," बाबा म्हणाले. "शाळा नववीत सोडलीस, कलम बांधायला बसला नाहीस. चाकू तरी सांभाळ."

चाकू बोटाएवढा, मिटणारा. आजोबा जहाजावर खलाशी होते, त्यांनी तो कुठल्याशा परक्या बंदरात घेतला. शिंगाची मूठ, पितळेची खीळ. पात्यावर कारखान्याचं नाव होतं म्हणे, पण धार लावून लावून त्यातलं एकच अक्षर उरलंय आणि ते कुठल्या भाषेतलं ते कुणालाच सांगता येत नाही. आजोबांनी त्याने दोर कापले. बाबांनी कलमं बांधली, आमच्या वाडीतली आणि आसपासच्या गावांतलीही. मग बाबांची उजवी बाजू गेली. पाय थोडाफार परत आला, हात आला नाही. चाकू तेव्हापासून नुसताच त्यांच्या खिशात असायचा.

मी तो उचलून पँटच्या खिशात टाकला, तसे चाचा हातातली ट्यूब सोडून बाहेर आले. "खिशात घालून विमानात चढणार काय? तुला पण ठेवून घेतील नि चाकूला पण." ते स्वतः आखातात राहून आलेले. त्यांनी पात्याला बोटभर ग्रीस थापलं, सायकलच्या ट्यूबच्या तुकड्यात चाकू गुंडाळला, वरून सुतळी बांधली आणि माझ्या मोठ्या बॅगेच्या तळाशी खुपसला. "ही बॅग सामानात टाकायची, हातात घ्यायची नाय. आणि तिकडची हवा खारी हाय. ग्रीस सोडू नको."

बाबा हसले. "नवऱ्याला हळद लावल्यासारखा माखलास रे त्याला."

"मग? परदेशी चाललाय तो. तुझ्या पोरापेक्षा त्याचीच काळजी हाय मला."

गाडी आली. बाबांनी डावा हात वर केला. उजवा लोंबतच होता.

इथे कुवेतला मी एका मोठ्या मेसच्या किचनमध्ये आहे, चॉपिंग सेक्शनला. दिवसभर हातात चाकूच असतो. भाजीला हिरव्या मुठीचा, मटणाला लाल मुठीचा. ड्युटी सुटली की ते मोजून परत द्यायचे. बाहेर कुणी विचारलं काय करतोस, तर मी कुक सांगतो. खरं म्हणजे मी कांदा कापतो. आम्ही कामगार राहतो त्या कॅम्पात रूमवर पातं ठेवायला मनाई आहे. त्यामुळे रूमचं चेकिंग आलं की मी बॅग पलंगाखाली आत ढकलायचो. तिच्या तळाशी ट्यूबमध्ये बाबांचा चाकू होता. शुक्रवारी सुट्टीला दार लोटून घ्यायचो, सुतळी सोडायचो, जुनं ग्रीस पुसून गंज धरलाय का बघायचो आणि नवं लावायचो. एकदा खिळीपाशी तांबूस ठिपका दिसला, तर आठवडाभर झोप लागली नाही. इथल्या जुन्या बाजारात एका दुकानात काचेमागे असेच जुने चाकू मांडलेत. चकाचक. त्यांच्याकडे बघितलं की वाटायचं, यांना आता कुणी काही कापायला सांगणार नाही. आपलाही तसाच झालाय. मी त्याला जपला, पण एक काडी कधी कापली नाही.

मग बाबांचा फोन आला. ते स्वतःहून कधी काही मागायचे नाहीत. "चाकू पाठव," एवढंच म्हणाले. बाकीचं आईने सांगितलं. रस्ता रुंद व्हायचा होता आणि बांधावरच्या आमच्या जुन्या हापूसवर पांढरा पट्टा मारून गेले होते. आजोबांनी लावलेलं झाड. त्याच्या काड्या घेऊन बाबांना चार रोपं बांधायची होती, झाड पडायच्या आत. ब्लेडने बांधा म्हटलं तर ऐकेनात. शेजारच्या गावातून माणूस बोलावू का, तर म्हणाले, या झाडाला दुसऱ्याचा हात नको.

मला सुट्टी मिळाली नाही. चाचांचा भाचा इथून घरी निघाला होता, त्याच्या बॅगेत ट्यूबसकट चाकू दिला. चाचांनी तो भर पावसात स्कूटरवरून आमच्या घरी नेला. सुतळी सोडून पातं आपल्या खांद्यावरच्या फडक्याने पुसलं आणि रीतीप्रमाणे बाबांपुढे जमिनीवर ठेवलं.

बाबांना तो उचलता येईना. डाव्या हाताने उचलला तर तो हात कापायच्या कामाचा नाही, आणि उजव्याची बोटं वळत नव्हती. आई सांगते, चाचा पुढे सरकून बसले. त्यांनी चाकू जमिनीवरून उचलला, बाबांच्या उजव्या तळव्यात ठेवला आणि आपल्या हाताने त्यांचं एकेक बोट मिटवलं.

"हातात देतोस?" बाबा म्हणाले. "भांडण होईल आपलं."

"होऊ दे की. आता या वाडीत भांडायला तरी कोण उरलंय, शांताराम?"

चाचांनी बाबांचं मनगट धरलं, बाबा सांगतील तसं दाबलं. चार रोपं बांधली. पडवीत ओळीने ठेवली. श्रावण लागायच्या आत चारी काड्या काळ्या पडल्या. तोवर बांधावरचं झाड पडलं होतं, दुसरी काडी घ्यायला जागा नव्हती. गणपती गेले आणि मागोमाग बाबा गेले. तेव्हाही मी इथेच कांदा कापत होतो. खांदा द्यायला चाचा होते.

नंतर एकदा फोनवर चाचाच म्हणाले, "ग्रीस राहिलं असणार रे. पंक्चरवाल्याचं फडकं ते, त्याने काय पुसणार. झाड मी मारलं तुमचं." बाबा बांधायच्या आधी पातं राखेने घासून धुवायचे. तेल लावलेल्या डोक्याने आम्हा पोरांना जवळसुद्धा येऊ द्यायचे नाहीत, तेल लागलं की काडी धरत नाही म्हणायचे. जपायच्या नादात हे आम्हा कुणालाच सुचलं नाही.

आता जे फोनवर बोलता येत नाही ते लिहितो. चाचा, बाबांना कळलं होतं. पातं काडीला लावल्याबरोबर त्यांना वास आला होता. त्या संध्याकाळी ते आईला म्हणाले, "ग्रीस होतं. पण एवढ्या पावसात भिजत आलेला माणूस, त्याच्यासमोर त्याने पुसलेलं परत कुठे धुवायला लावू? तशीही या हाताने काडी धरली नसती. हमीदला बोलू नको." आई बोलली नाही. बाबांचा शब्द मोडून मी बोलतोय, कारण त्या चार काड्यांचं ओझं तुम्ही घेऊन बसला आहात आणि ते तुमचं नाही. बाबांचा हात शेवटचा ज्याने धरला तो माणूस तुम्ही. धरायला हवा होता मी.

आई आता तिच्या बहिणीकडे पोफळी गावाला असते. घराला कुलूप आहे, ओटीवर वाळवी चढलीय म्हणतात. बांधाच्या जागी रस्ता आहे आणि त्यावरून जाणाऱ्या गाड्यांना तिथे काय होतं ते ठाऊक नाही. घर म्हटलं की हल्ली मला चाचांच्या दुकानातला पत्र्याचा डबा दिसतो. त्यात आईने त्यांच्याकडे सोपवलेला चाकू आहे. व्हिडिओ कॉलवर ते तो उघडून दाखवतात. आता ग्रीस लावत नाहीत, कोरड्या फडक्यात ठेवतात, आणि खारा वारा त्याला हळूहळू खातोय. "गंजतोय रे," ते म्हणतात. "गंजू दे," मी म्हणतो.

मी कधी येईन ते मलाच माहीत नाही. येईपर्यंत तुमचं दुकान रस्त्यात जाईल अशीही भीती वाटते. पण आलो की चाकू मी चिऱ्यावरून उचलणार नाही, तुमच्या हातातून हातात घेईन. राखेने घासीन, धुवीन, आणि तुमच्या दारात एक कलम बांधीन. आमचं झाड राहिलं नाही, काडी कुणाकडून तरी मागून आणीन. मला येत नाही, पहिलं मरेल. मग दुसरं बांधीन. तुमच्या दारातलं एक धरेपर्यंत मी परत निघणार नाही, चाचा.