मामाने गुंडाळलेली तार

माझी गिटार मी वाजवत नसतानाही गुणगुणायची. ॲम्पचं, म्हणजे तिचा आवाज मोठा करणाऱ्या डब्याचं, बटण दाबलं, की तारेला बोट लागायच्या आधीच एक जाडसर घूं सुरू व्हायची आणि पलीकडच्या खोलीत पोथी वाचणारे बाबा ओरडायचे, "बसली का तुझी माशी!" मीही काही कमी नाही. मी तिकडून ओरडायची, "माशी नाही, वीज आहे!" वीस वर्षं आमच्या घरात दुपार अशीच व्हायची.

दोष गिटारचा नव्हता. इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली पिकअप असतात. छोट्या लोहचुंबकांभोवती केसाहून बारीक तांब्याची तार हजारो वेढे गुंडाळलेली असते, आणि वरची तार थरथरली की ती थरथर हे पकडतात. ज्यात एकच गुंडाळी असते, त्याचा आवाज खणखणीत, पण तो भिंतीतल्या वायरी, पंखा, इन्व्हर्टर, सगळ्यांची कुजबुजही पकडून आणतो. आमचं घर संकठा घाटाच्या वरच्या गल्लीत, तिथल्या वायरींबद्दल न बोललेलंच बरं.

पण माझ्या पिकअपची गोष्ट वेगळी होती. गिटार मी कॉलेजात असताना जुनी घेतली, तेव्हा तिचे तिन्ही पिकअप मेलेले होते. आईचा धाकटा भाऊ, माझा मामा, इथेच पंखे आणि पाण्याच्या मोटारी रिवाइंड करायचा, म्हणजे जळलेली तार काढून नवी गुंडाळायचा. त्याने आयुष्यात गिटार हातात धरली नव्हती. म्हणाला, "तारच गुंडाळायची ना? मग ती पंख्याची काय नि बाजाची काय." चार रविवार तो आपल्या वाइंडिंगच्या मशीनवर डोळे फोडत बसला. मधल्या पिकअपमधला एक चुंबक ठोकताना जरा जास्तच आत गेला, तिथे कायमचा खड्डा राहिला. "राहू दे, नजर लागणार नाही," म्हणाला. आवाज असा आला की मी त्याच्या गळ्यातच पडले. मामा जाऊन आता नऊ वर्षं झाली. मणिकर्णिकेवर त्याला पोचवून आलो, त्या दिवशीही मी घरी येऊन गिटार लावली होती. वाजवली नाही. नुसती लावून बसले, आणि त्या दिवशी बाबा ओरडले नाहीत.

आता जिच्यामुळे हे सगळं घडलं, तिच्याबद्दल. ती सहावीपासूनची माझी मैत्रीण. तिचे वडील रेल्वेत होते, बदलीवर इथे आले आणि इथलेच झाले. आमच्या वर्गात मराठी आम्ही दोघीच, त्यामुळे बाईंची नक्कल मराठीत करायची सोय होती. तिने गिटार माझं बघून घेतली आणि माझ्यापेक्षा चांगली वाजवायला लागली, हे मी तेव्हाही मान्य करायची. ती रामनगरच्या एका बँकेत नोकरी करते आणि रविवारी चार जणांबरोबर अस्सीकडे एका कॅफेत वाजवते. सोल्डरिंग वडिलांकडून शिकलेली, त्यामुळे माझ्या गिटारची डॉक्टर तीच. आमच्या घरात तिला विचारल्याशिवाय बल्बसुद्धा बदलला जात नसे.

दोन वर्षांपूर्वी मी शाळेत शिकवून आल्यावर घरून गिटारचे ऑनलाइन वर्ग घ्यायला लागले आणि ती गुणगुण अंगावर आली. मुलं विचारायची, "दीदी, आपके यहाँ जनरेटर चल रहा है क्या?" मी तिला म्हटलं, काहीतरी कर बाई. ती म्हणाली, "बिनआवाजाचे सिंगल कॉइल बसव ना. माझे बघ, चूं करतात का?" खरंच करत नव्हते. नाव सिंगल कॉइल, एका गुंडाळीचे, पण त्यात दोन गुंडाळ्या एकावर एक, उलटसुलट बसवलेल्या असतात. वरची जी घूं पकडते, ती खालची खोडून काढते. मी सांगितलं, मामाचे काढायचे नाहीत. ती म्हणाली, "बरं बाई, नुसतं ऐकून तर बघ."

तीन आठवडे आम्ही ऐकत होतो. घाटाच्या पायरीवर बसायचं, एक इअरफोन तिच्या कानात, एक माझ्या, आणि फोनवर जगभरचे लोक आपापले पिकअप वाजवून दाखवताहेत. एक फारच टोचरा, दुसऱ्याला आत बॅटरी लागते, तिसरा जाडा आणि झोपाळू. मला हवी होती ती खण, तारेवर नख मारल्यावर येते ती, आणि ती एकाच गुंडाळीत असते. शांतता घेतली की खण थोडी जाते, हे मला तेव्हाच कळत होतं. ती मात्र फिरून फिरून एकाच जागी यायची, "माझ्यासारखेच घे. ऐकलेले तर आहेत." मी हो म्हणत नव्हते.

आणि मग मधला पिकअप करकरायला लागला. तिने गिटार उघडली, मीटर लावला, माझ्याकडे बघितलं आणि अगदी हळू म्हणाली, "गेलाय गं. आतून तार तुटलीय." मी म्हटलं, परत गुंडाळू. "कोण गुंडाळणार? मामा आहे का? दुसऱ्या कुणी हात लावला तर तो मामाचा राहील का?" हे बोलताना तिच्या डोळ्यांत पाणी होतं. पाणी! आज आठवलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. एक बदलायचा तर तिन्ही बदलावे लागतील, नाहीतर आवाज जुळणार नाही, हेही तिनेच सांगितलं. वर म्हणाली, "नवे माझ्याकडून. वाढदिवसाची भेट. पैशाचं नाव काढलंस तर बघ."

आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते. पाटावर बाबांच्या पोथ्या, मामाची पक्कड आणि आमच्या दोघींच्या गिटारी. हो, तिचीसुद्धा, दरवर्षी. बाबा स्वतः हळदकुंकू वाहायचे, आणि माझ्या पिकअपवर आठवणीने, कारण ते मेव्हण्याच्या हातचे. तेव्हा असले पूजा झालेले पिकअप मोडले म्हणून डब्यात टाकायचे नाहीत, आणि खंडित वस्तू पुन्हा पाटावर मांडायचीही नाही. बाबा म्हणाले, "गंगेत सोडा. तोही तिथेच आहे." त्यांनी लाल फडक्यात पुडी बांधली. फूल, सुपारी घातली आणि परत या असं म्हणून रडत रडत अक्षता टाकल्या. मलाच जायचं होतं, पण त्याच आठवड्यात बाबांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन निघालं. ती म्हणाली, "मी रोज पुलावरून जाते. मध्यधारेत सोडते, काळजी करू नकोस." त्या दिवशी मी तिला श्रीखंड-पुरी करून घातली. दोनदा वाढलं.

नवे पिकअप बसले. काय शांतता! ॲम्प लावलाय की नाही तेही कळेना. मुलं खूश. आवाज गोड, स्वच्छ, आणि मीठ विसरलेल्या वरणासारखा. मी स्वतःची समजूत घातली की कानाला सवय होईल. गंमत म्हणजे बाबाच कुरकुरायला लागले. पोथी उघडायचे, पाठ असलेला एक श्लोक म्हणायचे, थांबायचे. "आज स्वर लागत नाही गं." वीस वर्षं ज्या माशीवर ओरडले, तिच्याच सुरावर त्यांचं वाचन बसलेलं होतं. हे त्यांनाही माहीत नव्हतं, मलाही.

गेल्या खंडेनवमीला ती नेहमीसारखी सकाळी आली. गिटार पाटावर ठेवली, बाबांच्या पाया पडली. पूजा झाली, आरती झाली. आमच्याकडची रीत अशी की पूजा झालेलं वाद्य मुकं ठेवायचं नाही, थोडं तरी वाजवायचं. मी माझी वाजवली. मग तिची उचलली, तर ती म्हणाली, "माझी राहू दे. तारा जुन्या आहेत."

"अगं, नवीन नवरीसारखी लाजतेस काय?" असं म्हणून मी हसत हसत केबल खुपसली आणि बटण दाबलं.

घूं.

मी ॲम्पकडे बघितलं, मग तिच्याकडे. तिची गिटार आमच्या घरात कधी, कधीही गुणगुणली नव्हती. आणि तेवढ्यात भिंतीला टेकून बसलेले बाबा एकदम ताठ झाले. ऑपरेशन झालेला डोळा काही सुधारला नव्हता, दुसऱ्यात मोतीबिंदू, आम्ही त्यांना नुसत्या सावल्या. चेहरा उजळला त्यांचा. "आली का गं तुझी माशी! इतके दिवस कुठे होती?"

मी गिटार खिडकीशी नेली. वरची पांढरी झाकणं नवीकोरी होती. पण झाकणाच्या भोकांतून दिसत होतं, मधल्या पिकअपमध्ये एक चुंबक आत गेलेला होता, आणि त्या खड्ड्यात, नखाच्या टोकावर मावेल एवढं, जुनं काळपट कुंकू साचलेलं होतं.

मी तिला हाताला धरून जिन्यात नेलं. "तो मेला होता ना?"

"सोल्डरचा एक टाका सुटला होता फक्त," ती म्हणाली. "सुन ना, मी परत देणारच होते. एक-दोनदा वाजवून बघायचे होते. मग तो आवाज... तुला माहितीय ना तो आवाज?"

मला माहितीय का, हे ती मला विचारत होती!

"आणि माझ्यात काय बसवलंस?"

"माझेच." म्हणजे तिचेच, वापरलेले, तिच्या गिटारमधून काढलेले. तिने सरळ अदलाबदल केली होती आणि मला भेट म्हणून दिली होती. तीन आठवडे तो इअरफोन, ते "माझ्यासारखेच घे", सगळं कशासाठी चाललं होतं ते आता मला दिसत होतं. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. पण खरं सांगते, एवढ्यानेही मी मोडले नसते. मी शेवटचं विचारलं, "आणि बाबांनी बांधलेली पुडी?"

"ती सोडली गं. आईशप्पथ, सोडली. अगदी हात जोडून सोडली."

"आत काय होतं?"

"फूल, सुपारी..." मग अगदी बारीक आवाजात, "बुडायला हवी म्हणून एक दगड घातला."

म्हणजे माझा म्हातारा बाप जिच्यावर अक्षता टाकून रडला, त्या पुडीत तिने वाटेतला दगड घालून हात जोडले होते. मी तिला मारलं नाही, याचं मला अजून नवल वाटतं. आतून बाबा हाक मारत होते, "थांबलात का? वाजव की, छान वाटतंय." मी म्हटलं, "आत चल. इस्त्री गरम कर." आमच्यात सोल्डरिंगच्या सळईला आम्ही लहानपणापासून इस्त्रीच म्हणतो. बाबांच्या समोर, त्यांना काहीच न सांगता, तिने तिच्या गिटारमधले तिन्ही काढले, माझ्यात बसवले आणि आपले परत घेतले. टॉर्च मी धरला होता. टाके नेहमीसारखे सुबक पडले. जाताना ती बाबांच्या पाया पडली. बाबांनी आशीर्वाद दिला, मी दारापर्यंत गेले नाही.

आता दुपारी मी ॲम्प लावते. घूं सुरू होते, पलीकडून बाबांचा स्वर बरोबर तिच्यावर येऊन बसतो. मुलं जनरेटरबद्दल विचारतात, मी सांगते, हो, चालू आहे. मधूनच बाबा म्हणतात, "ती बऱ्याच दिवसांत आली नाही. बोलाव तिला, माशी तिनेच परत आणली ना?" मी हो म्हणते. मामाची गुणगुण मला परत मिळाली, अक्षरशः तीच तार, तेच वेढे. पण गिटार मांडीवर घेऊन मी गप्प बसले, की पूर्वी मला तीत मामा ऐकू यायचा. आता तो येत नाही. आता ती येते, डोळ्यांत पाणी आणून हळूच म्हणणारी, "गेलाय गं."