गायत्रीएवढा थांबा

आमच्या गुरूंनी कलशारोहणाची जी पद्धती स्वहस्ते लिहिली होती, तिची घरातली प्रत वाळवीने खाल्ली. दुसरी प्रत त्यांनी हयातीतच दूरच्या एका ग्रंथसंग्रहालयाला दिली होती आणि त्या संग्रहालयाने अलीकडे तिच्या पानांची छायाचित्रे इंटरनेटवर ठेवली. शहापूरकडच्या ज्या देवळासाठी ती लिहिली गेली, त्याचा जीर्णोद्धार पूर्ण होत आला होता. विश्वस्तांनी मला स्पष्ट सांगितले होते, की चैत्री अमावास्येच्या आत शुद्ध प्रत हाती आली तर कलश गुरूंच्या विधीने चढेल. नाही तर कल्याणचा एक पुरोहितगट ठरवलेला आहे, तो आपली छापील पुस्तिका घेऊन येईल. ती पुस्तिका मी पाहिली आहे. ध्वनिक्षेपकाचा आवाज कुठे वाढवावा हेही तिच्यात छापले आहे. वास्तुदेवतेच्या वाट्याला मात्र अर्धे पान आले आहे.

मी मुरबाडजवळच्या आमच्या गावी संगणकासमोर बसून ती पाने उतरवून घेऊ लागलो. संग्रहालयाच्या संकेतस्थळावर पोथीचे पान एकसंध येत नसे. चौकोनी तुकड्यातुकड्यांनी येई. एक तुकडा उमटे, मग नुसता पांढरा पडदा, मग दुसरा तुकडा. एक पान पुरते दिसेपर्यंत माझी देवपूजा आटोपून नैवेद्यही होई. गुरूंकडे माझ्याबरोबर शिकलेला माझा मित्र शहापुरात राहतो. त्याची दृष्टी आता गेली आहे, परंतु पद्धतीचा बराच भाग त्याला मुखोद्गत आहे. मी वाचायचे आणि त्याने फोनवर ताडून पाहायचे असे ठरले होते. तो रोज विचारी, "काय रे, उगवलं का पान?"

"डावा वरचा कोपरा उगवलाय."

"मग कलशाचा तेवढाच कोपरा चढवू. बाकीचा पुढच्या जीर्णोद्धाराला."

आमच्या सौभाग्यवतींच्या मोबाइलवर तेच पान झटकन उघडे. पण तळहाताएवढ्या काचेवरची ती फिकट अक्षरे माझ्या डोळ्यांना लागत नसत. वाचायचे तर संगणकावरच, हे निश्चित होते. म्हणून जाणकारांना पाचारण केले. त्या जाणकारांविषयी मला फारसे आदराने लिहिता येणार नाही.

प्रथम आला तो इंटरनेटच्या तारेवाला. त्याने स्वतःच्या मोबाइलवर एक काटा गरगर फिरवून दाखवला आणि म्हणाला, "आमचा स्पीड फुल आहे, गुरुजी. तुमचा कॉम्प्युटर म्हातारा झालाय."

"तो माझ्याहून पुष्कळ तरुण आहे," मी म्हटले.

"मग तुमीच बघा," असे म्हणून, चहा मात्र पूर्ण घेऊन, तो गेला.

दुसरे आले ते मुरबाडच्या बाजारपेठेत संगणकाचे वर्ग चालवणारे गृहस्थ. त्यांनी खुर्चीत बसण्यापूर्वीच निदान केले होते. "फॉरमॅट मारावा लागेल."

"म्हणजे काय होईल?"

"सगळं साफ."

"आणि दोष कुठे होता हे कळेल?"

"साफ झाल्यावर दोष राहतोय कुठं, गुरुजी?"

रोग्यासकट रोग नाहीसा करण्याची ही विद्या त्यांनी कोणत्या आचार्यांपाशी संपादन केली, ते मी विचारले नाही. मी नकार दिल्यावर त्यांनी एका दमात अनेक गोष्टी बदलल्या, वेग वाढवणारी म्हणून दोन नवी साधने बसवली आणि संगणक पूर्वीपेक्षा मंद करून ठेवला. यांतल्या कोणत्या बदलाने काय झाले, हे त्यांना सांगता येईना. न्यायशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही अन्वय आणि व्यतिरेक शिकवतात. एक गोष्ट असताना परिणाम दिसतो का, आणि तीच एक काढल्यावर तो जातो का, एवढेच पाहायचे असते. दहा गोष्टी एकदम हलवणाऱ्याला कारण कधीच सापडत नाही, त्याची फक्त धांदल उडते. त्यांनी बसवलेली दोन्ही साधने मी स्वतःच काढून टाकली.

तिसरा माझा पुतण्या. तो कल्याणच्या एका कंपनीत आहे आणि रविवारीच घरी असतो. स्तोत्रांच्या पानांशेजारी पत्त्यांच्या जुगाराच्या आणि त्याहून हीन जाहिराती येतात, अशी मी पूर्वी तक्रार केली होती. तेव्हा त्यानेच या संगणकात प्रॉक्सी नावाचा एक मध्यस्थ बसवला. संगणक जे जे पान मागतो ते या मध्यस्थाने बाहेरून आणायचे, चाळायचे आणि घाण बाजूला काढून आत द्यायचे, अशी ती व्यवस्था. तिच्यामुळे जाहिराती थांबल्या, हे कबूल केले पाहिजे.

"तुझा मध्यस्थच तर अडवत नाही ना?" मी विचारले.

"प्रॉक्सी? छे हो काका! ती काय करते? बसलेली असते बिचारी. थांबा, बंदच करून दाखवतो."

त्याने ती बंद केली, आणि एकही पान उघडेना.

"बघा! ती होती म्हणून निदान रडतखडत चालत होतं."

पदवी असलेल्या माणसाने असे अनुमान करावे, याचे मला मनस्वी वाईट वाटले. संगणकाला सांगून ठेवले होते की सर्व काही याच मध्यस्थाकडून माग. मग द्वारपालाला घरी पाठवून दार मात्र तसेच बंद ठेवले, तर आत कोण येणार? यावरून द्वारपाल निर्दोष कसा ठरतो? मी तसे बोलून दाखवताच तो म्हणाला, "काका, हे तुमचं शास्त्र नाय, टेक्निकल आहे," आणि जेवायला उठला.

मी पडद्यासमोरच बसून राहिलो. त्याने जाताना मध्यस्थ पुन्हा सुरू केला होता. तुकडे पूर्ववत येऊ लागले. वाट पाहण्याचा वेळ वाया जाऊ नये म्हणून मी मनात गायत्रीजप करीत असे. त्या दिवशी प्रथमच एक गोष्ट ध्यानात आली. मंत्राचे शेवटचे पद उच्चारावे आणि तुकडा उमटावा. पुढचाही तसाच, त्याच्या पुढचाही. थांबा दर वेळी एका गायत्रीएवढाच, कमी नाही की जास्त नाही. तार मंद असती तर एखादा तुकडा लवकर आला असता, एखादा उशिरा. विलंब इतका एकसारखा असेल, तर तो चालण्याचा नसतो, थांबण्याचा असतो. कोणी तरी कोणाला तरी काही विचारतो आहे, उत्तर येत नाही, आणि नेमून दिलेला काळ संपला की तो दुसऱ्याला विचारतो, असा त्याचा अर्थ होता.

पुतण्या हात पुसत बाहेर आला. मी विचारले, "हा मध्यस्थ पान आणण्यापूर्वी कोणाला काही विचारतो का?"

"विचारतो ना. साइटचा पत्ता विचारावा लागतो. त्याला एक सर्व्हर दिलेला असतो."

"कोणाचा?"

"आपल्या इंटरनेटवाल्याचा." एवढे बोलून तो थबकला. "जुन्या."

जुन्या तारेवाल्याची जोडणी आम्ही गणपतीपूर्वीच सोडली होती. मंदपणाही तेव्हापासूनचा. मोबाइल या मध्यस्थाच्या वाटेने जात नव्हता, म्हणून तो सुटला होता. इथे मात्र प्रत्येक तुकड्यासाठी मध्यस्थ आधी त्या बंद दारावर जाऊन उभा राही, आणि तिथून काही ऐकू येत नाही असे पाहून मगच दुसरीकडे वळे. पुतण्याने मध्यस्थाला जुन्याऐवजी नव्या तारेवाल्याचा सर्व्हर लावून दिला. पान एकदम, संपूर्ण उमटले. समासातल्या गुरूंच्या बारीक टिपाही दिसू लागल्या. मी हात जोडले.

"एवढंच होतं," पुतण्या म्हणाला.

एवढेच होते, आणि तेवढे तीन तज्ज्ञांना दिसले नव्हते. रात्री त्याच्या ताटात दुसरी पुरणपोळी वाढायला सांगितली.

पुढचे सर्व दिवस मी वाचले आणि मित्राने ताडले. अमावास्येच्या आदल्या दिवशी जीपने आणि पुढे एसटीने शहापूर गाठून मी प्रत विश्वस्तांच्या चिटणीसांच्या हाती दिली. हे भातसानगरला धरणावर नोकरी करून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांनी पाने न वाचता अंगठ्याने जाडी पाहिली.

"गुरुजी, पाहुणे येणारेत मोठे. जरा शॉर्टमधी बसवता येईल काय?"

माझ्याबरोबर आलेला मित्रच माझ्या आधी बोलला. "येईल की. पाहुण्यांना शेवटाला बोलवा."

कलश गुरूंच्या विधीनेच चढला. पाहुणे सुरुवातीलाच आले, मांडवात घामाने भिजले आणि वास्तुदेवतेच्या आवाहनाच्या वेळी चिटणीसांच्या कानाशी दोनदा कुजबुजले. चिटणीसांनी माझ्याकडे पाहून मनगटावरच्या घड्याळाला बोट लावले. मित्र शेजारी डोळे मिटून पुढचे वाक्य ऐकण्यासाठी थांबला होता. मी ते सावकाश, स्वरासह म्हटले.